बेगमी आणि मरण : 'द लाँग डार्क' या खेळाच्या नियमसंहितेचे एक वाचन

१

'मी मेलो' हे वाक्य मराठीत आपण सर्रास उच्चारतो. थकव्याने, भीतीने, कधी नुसत्या हसण्याने. मात्र त्याचा वाच्यार्थ घेतला तर ते अशक्य वाक्य ठरते, कारण ज्याच्याविषयी ते खरे आहे तो ते उच्चारू शकत नाही. प्रथमपुरुषी निवेदनाची ही सीमा कथनमीमांसेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. मुळशी तालुक्यातील लवळे या गावी, जेथे टेकडीच्या अंगाखांद्यावर उच्च शिक्षणाच्या संस्था उभ्या आहेत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर मी हीच सीमा समजावून देत होतो. एका विद्यार्थ्याने हरकत घेतली. "सर, काल रात्री मी मेलो. सत्तेचाळिसाव्या दिवशी." वर्गात हशा पिकला, पण तो विनोद करीत नव्हता. एका संगणकीय खेळात, बर्फाळ बेटावर, त्याला मरण आले होते. कसे आले हे त्याने सांगितले तेव्हा असे दिसले की, आपल्या मरणाचे कारण तो शेवटच्या क्षणात शोधत नव्हता. तीन दिवस आधी, हवा स्वच्छ असताना, सरपण गोळा करण्याऐवजी तो दूरचे घर धुंडाळायला गेला होता. चूक तेथे झाली होती. वादळ, विझलेली आगटी, ओले कपडे हे सारे त्या चुकीचे परिणाम होते.

ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकाविचारात 'हमार्तिआ'ला जे स्थान आहे त्याची आठवण व्हावी, असे हे कथन होते. त्याला आरंभ होता, कार्यकारणभाव होता, अटळ शेवट होता. तरी ते कोणी लिहिलेले नव्हते. खेळाच्या निर्मात्यांनी ही कथा रचली नव्हती. खेळाडूनेही ती रचण्याच्या हेतूने काही केले नव्हते. ती नियमांच्या एका व्यूहातून निष्पन्न झाली होती. असा व्यूह साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, आणि होत असेल तर कोणत्या संकल्पनांच्या आधारे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मराठी समीक्षेने या क्षेत्राकडे फारसे लक्ष दिलेले नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. अशा खेळाविषयी बोलताना आपला पहिला प्रश्न त्यातील पौराणिक सामग्रीविषयीचा असतो, म्हणजे आशयद्रव्याविषयीचा. कवितेच्या बाबतीत आशयद्रव्य आणि रूप यांची अशी फारकत आपण फार पूर्वी त्याज्य ठरवली; खेळाच्या बाबतीत मात्र ती नकळत परत येते. खेळाचे रूप म्हणजे त्याचे नियम, आणि म्हणून नियमांचेच वाचन व्हावयास हवे, ही या लेखाची भूमिका आहे.

ही भूमिका सर्वस्वी नवी नाही. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते 'क्रीडनीयक' आहे, पाहता व ऐकता येईल असे खेळणे. नाट्याचा विचार आपल्या परंपरेत क्रीडेच्या कल्पनेपासून सुरू होतो. पाश्चात्त्य विचारात योहान हाइझिंगाच्या 'होमो लुडेन्स'ने (१९३८) संस्कृतीची मुळे क्रीडेत शोधली. रोजे कायवाने १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ असे चार वर्ग कल्पिले. एस्पेन आर्सेथने 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात वाचकाला प्रत्यक्ष श्रम करून ज्यातून वाट काढावी लागते अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला, आणि इयन बोगोस्टने 'पर्सुएसिव्ह गेम्स'मध्ये (२००७) नियम आणि प्रक्रिया यांतूनच युक्तिवाद होऊ शकतो असे प्रतिपादन केले. या शेवटच्या कल्पनेला मी येथे 'नियमगत वक्तृत्व' म्हणतो.

२

'द लाँग डार्क' हा खेळ कॅनडातील हिंटरलँड स्टुडिओ या संस्थेने केला. २०१४ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती आला आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी रीतसर प्रसिद्ध झाला. स्थळ आहे उत्तर कॅनडातील 'ग्रेट बेअर' नावाचे कल्पित बेट. एका भूचुंबकीय उत्पातामुळे वीज आणि तिच्यावर चालणारी सारी यंत्रे निकामी झाली आहेत. फक्त आकाशात ध्रुवीय प्रकाश उजळतो तेव्हा दिवे आणि संगणक क्षणकाल जागे होतात आणि लांडगे अधिक हिंस्र होतात. खेळात 'विंटरम्यूट' नावाची, प्रकरणांत विभागलेली कथा आहे, तिच्यात वैमानिक विल मॅकेन्झी आणि डॉक्टर ॲस्ट्रिड ग्रीनवुड ही पात्रे आहेत. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यातील दुसरा प्रकार, ज्यात कथा नाही, संवाद नाही, जिंकणेही नाही. जगणे एवढाच त्याचा हेतू. किती दिवस जगलात हाच हिशेब.

या प्रकाराची नियमसंहिता थोडक्यात अशी. खेळाडूच्या देहाच्या चार गरजा आहेत : ऊब, विश्रांती, पाणी आणि अन्न. यांपैकी एखादी शून्यावर आली की 'प्रकृती' नावाचे टक्क्यांत मोजलेले प्रमाण घसरू लागते, आणि ते संपले की मरण. या चार अभावांची गती सारखी नाही. थंडी काही तासांत मारते, तहान त्याहून सावकाश, आणि भूक सर्वांत हळू. अन्न उष्मांकांत मोजले जाते. कपड्यांना थर आहेत. प्रत्येक वस्त्राची ऊब वेगळी, वारा अडवण्याची क्षमता वेगळी, आणि भिजले की दोन्ही उणावतात. तपमानही एक नाही : हवेचे वेगळे, वाऱ्याने जाणवणारे वेगळे, कपडे धरून हाती उरणारे वेगळे. आग पेटवायची तर काडी, पेट घेणारे भुसभुशीत काही आणि सरपण असे तिन्ही लागते; ती पेटेलच अशी खात्री नसते, फक्त शक्यता असते, आणि सरावाने ती शक्यता वाढते. पाणी बर्फ वितळवून उकळावे लागते. जवळ कच्चे मांस असेल तर त्याचा वास लांडग्यांना लागतो. लांडगा अंगावर येत असता हातातील मांस टाकून देणे किंवा मशाल पेटवणे हे उपाय आहेत, पण दोन्हींची किंमत पुढे कोठेतरी चुकवावी लागते.

दोन नियमांचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. पहिला काळाचा. खेळातील एक दिवस म्हणजे आपले साधारण दोन तास. कथितकाळ कथनकाळाच्या बारापट वेगाने चालतो. झोपणे, शिवणे, कापणे या क्रिया काळ आणखी आकसून टाकतात. कादंबरीकार सारांश आणि दृश्य यांचा जो तोल सांभाळतो तो येथे खेळाडूच्या निर्णयावर सोपवलेला आहे. दुसरा नियम मरणाचा. रूढ रचनेत मरणाबरोबर जतन केलेला खेळ पुसला जातो. मागे जाऊन चूक सुधारता येत नाही. पुढील काळात या नियमाला काही ऐच्छिक सवलती जोडल्या गेल्या, परंतु खेळाची घडण याच नियमाभोवती झालेली आहे. कादंबरीचे शेवटचे पान वाचून झाल्यावर पहिले पान पुन्हा उघडता येते. येथे ते पानच उरत नाही. त्या विद्यार्थ्याच्या 'मी मेलो'मागील गांभीर्य या नियमातून आले होते.

३

आता त्या 'मी'कडे वळू. खेळाडू संगणकासमोर बसलेला आहे, लवळ्याच्या उन्हाळ्यात पंखा फिरतो आहे, आणि तरी तो 'मला थंडी वाजत होती' असे म्हणतो. ही भाषा केवळ लाक्षणिक आहे काय?

न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक आपले स्वत्व न गमावता दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, आणि या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा तिचा गाभा. योगशास्त्रातील संज्ञा वाङ्मयविचारात आणल्याबद्दल, आणि आनंदाचे हे कारण वाङ्मयापुरते विशिष्ट नाही म्हणून, तिच्यावर आक्षेप घेतले गेले. पुढे बा. सी. मर्ढेकरांच्या लयविचाराने आणि रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) चर्चेचे केंद्र कलाकृतीच्या रचनेकडे व सौंदर्यविधानाच्या स्वरूपाकडे हलवले, आणि केळकरांची उपपत्ती बहुतांशी इतिहासाच्या प्रकरणात जमा झाली.

संगणकीय खेळाच्या संदर्भात मात्र ती पुन्हा तपासून पाहावी असे वाटते. वाचकाच्या बाबतीत 'विकल्प' म्हणजे मी हा नव्हे ही मागे तेवत राहणारी जाणीव. तिला काही करायचे नसते. खेळाडूच्या बाबतीत ही जाणीव सतत कामाला जुंपलेली असते. आकडे तो वाचतो, नकाशा तो आठवतो, काड्या तो मोजतो. बेटावरील माणसाला आपल्या प्रकृतीचे टक्के दिसत नाहीत, ते खेळाडूला दिसतात. म्हणजे समाधी जितकी गाढ, तितका विकल्पही जागरूक हवा. हिशेब सुटला की देह मरतो, आणि देह मेला की समाधी संपते. केळकरांच्या उपपत्तीत शेजारी शेजारी असलेल्या दोन अवस्था येथे परस्परांवर अवलंबून आहेत.

दुसरा फरक अधिक मूलगामी आहे. वाचक ज्याच्याशी तादात्म्य पावतो ते पात्र असते : त्याला स्वभाव असतो, भूतकाळ असतो, वासना असतात. 'द लाँग डार्क'च्या या प्रकारातील माणसाला यांपैकी जवळजवळ काहीच नाही. त्याला देह तेवढा आहे. तादात्म्य होते ते भुकेशी, ओल्या मोज्यांशी, उरलेल्या चार काड्यांशी. रसप्रक्रियेच्या परिभाषेत बोलायचे तर आलंबन विभाव नाहीसा होऊन उद्दीपन विभावच सर्वत्र पसरलेला आहे : वारा, संधिप्रकाश, दूरवरचे लांडग्याचे ओरडणे. तरी भयाची निष्पत्ती होते. हे भय साधारणीकृत आहे काय? अभिनवगुप्ताच्या विवेचनातील सहृदयाचे भय 'माझे' अथवा 'त्याचे' नसते, आणि म्हणून ते आस्वाद्य होते. खेळाडूचे भय मात्र सर्वस्वी 'माझे' आहे, कारण गमावण्यासारखे काही त्याच्यापाशी आहे : सत्तेचाळीस दिवस, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील कित्येक रात्री. म्हणून खेळातील भयाला भयानक रस म्हणताना जपून राहावे लागते. तो रस आणि भय यांच्या सीमेवरचा अनुभव आहे, आणि त्याचे आस्वादात रूपांतर बहुधा नंतर होते, मरणाची हकिगत दुसऱ्याला सांगताना. त्या दिवशी वर्गात आम्ही सहृदय होतो. खेळाडू खेळत असताना एकटा होता.

४

नियम बोलतात, असे वर म्हटले. ते काय बोलतात याचा एक नमुना पाहू. या खेळात एक युक्ती दीर्घकाळ प्रचलित होती. भूक हळू मारते आणि झोपेत प्रकृती सुधारते, या दोन नियमांची सांगड घालून खेळाडूंनी असे ताडले की, दिवसभर उपाशी राहून झोपण्यापूर्वी थोडेसे खाल्ले तर प्रकृतीची दिवसाची घट रात्री भरून निघते. म्हणजे जवळपास कायम उपाशी राहून, फार थोड्या अन्नावर, दीर्घकाळ जगता येते. ही युक्ती नियमांच्या विरुद्ध नव्हती. ती नियमांच्या अक्षराला धरून होती. तिने बाधा येत होती ती खेळाच्या आत्म्याला. पुढे निर्मात्यांनी एक नवा नियम जोडला : सलग तीन दिवस उपाशी न राहणाऱ्या खेळाडूची प्रकृती सुधारते आणि त्याला अधिक ओझे वाहता येते. उपासाला शिक्षा झाली नाही. पोटभर जेवणाला बक्षीस मिळाले.

याच जातीचा दुसरा नियम घरात बसून राहण्याविषयीचा आहे. निवारा सुरक्षित असल्याने खेळाडू बाहेर पडेनासे झाले, तर फार काळ बंद जागेत राहणाऱ्याला एक मानसिक व्याधी जडते आणि त्याला घरात झोप घेता येत नाही, अशी योजना झाली. सुरक्षितता हीच व्याधी होते. निर्माता आणि खेळाडू यांच्यातील हा संवाद शब्दांत झालेला नाही. युक्ती हे खेळाडूचे वाचन आहे आणि नवा नियम हे निर्मात्याचे उत्तर. वाचक-प्रतिसादाच्या सिद्धान्तात वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो. येथे वाचकाच्या वाचनामुळे संहिताच बदलते आणि ती पुन्हा वाचकाच्या हाती येते.

नियमांतून विचार मांडण्याची पद्धत मराठी मुलखाला अपरिचित नाही. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते तो मोक्षपट हा असाच व्यूह आहे. त्यातील शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, आणि चाल दानाच्या स्वाधीन. कायवाच्या वर्गीकरणात तो दैवाचा खेळ ठरेल. पण त्यातील दैवाला दिशा आहे : पट संपतो, आणि संपतो तो मोक्षात. 'द लाँग डार्क' हा पट संपतच नाही. त्याला वरचा घर नाही, फक्त खाली उतरत जाणारा काळ आहे. दिवस जातील तसे हवामान कठोर होते, काड्या संपत जातात, कपडे विरतात. मोक्षपटात साप गिळतो तो एखाद्या दुर्गुणापायी. येथे लांडगा गिळतो तो वारा त्याच्या दिशेने वाहत होता म्हणून. नीती आणि परिणाम यांचा संबंध तुटून विवेक आणि परिणाम यांचा संबंध उरतो. हे या खेळाचे तत्त्वज्ञान आहे, आणि ते कोणत्याही पात्राच्या तोंडून वदवलेले नाही.

५

हा विवेक म्हणजे नेमके काय, याला मराठीत एक नेमका शब्द आहे : बेगमी. कोकणात आणि मावळात पावसाळ्याच्या तोंडी जी साठवण केली जाते, जिला कोकणात आगोट म्हणतात, तीत आणि या खेळातील व्यवहारात विलक्षण साम्य आहे. मुळशीच्या पावसात चार महिने बाहेर कोरडी काटकी मिळत नाही, म्हणून सरपण आणि गोवऱ्या आधी आत घ्याव्या लागतात. खेळातील हिमवादळाआधीचा दिवस आणि मृगाआधीचा आठवडा यांची मानसिकता एकच आहे. आपल्या भाषेत बर्फासाठी शब्द थोडे. पण आगटी, शेकोटी, धग, निखारा, इंगळ, फुफाटा, ढलपी, काटकी ही आगीची शब्दसंपत्ती समृद्ध आहे. मराठी खेळाडूला या खेळात शिरण्याचा दरवाजा थंडीचा नसून आगीचा आहे, असे म्हणता येईल.

परंतु साम्य येथे संपते, आणि जेथे संपते तेथे खेळाची मर्यादा दिसू लागते. मावळातील बेगमी कधीच एकट्याची नव्हती. भाताच्या खाचरासाठी राब भाजणे असो, लावणी असो, घर शाकारणे असो, ती कामे सावडीने होत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सावड आणि इर्जिक यांना खेळाच्या नियमसंहितेत स्थान नाही, कारण तेथे दुसरा माणूसच नाही. आहेत ती गोठलेली प्रेते, आणि त्यांच्या खिशात सापडणाऱ्या वस्तू. मोजता येते तेवढेच नियमात बसते. उष्मांक मोजता येतात, सावडीचे ऋण मोजता येत नाही. एकांत हा येथे विषय नसून गणिताची पूर्वअट आहे.

गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'शी तुलना केली की हे स्पष्ट होईल. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर एकटा राहायला गेलेला म्हातारा तेथे निसर्गाशी नाते जोडतो. झाडे आणि प्राणी त्याच्या सोबतीचे होतात. त्याचा एकांत भरलेला आहे. त्यालाही मरण येते, पण ते हिशेब चुकल्याने येत नाही. ग्रेट बेअर बेटावरील हरिण म्हणजे इतके किलो मांस, इतके कातडे, इतकी आतडी. निर्मात्यांनी या अरण्याला दिलेले सौंदर्य खरे आहे; पहाटेचा बर्फावरचा प्रकाश पाहून थबकलेले खेळाडू आहेत. मात्र थबकण्यासाठी नियमात काही तरतूद नाही. थबकले तर ऊब जाते.

याहून गंभीर प्रश्न अभावाच्या स्वरूपाचा आहे. खेळाच्या काठिण्याच्या रूढ पायऱ्यांत 'पिल्ग्रिम', 'व्हॉयाजर', 'स्टॉकर' आणि त्यांहून कठीण 'इंटरलोपर' या येतात. 'इंटरलोपर'च्या पायरीवर बंदूक मिळत नाही. बाणाची टोके भट्टीवर स्वतः घडवावी लागतात. 'इंटरलोपर' या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द आहे : उपरा. आणि हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला लक्ष्मण माने यांचे १९८० मधील आत्मकथन आठवल्याशिवाय राहणार नाही.

येथे योगायोगाने एकत्र आलेले दोन 'उपरे' शेजारी ठेवून पाहावेत. खेळातील उपरेपण निवडलेले आहे. ती कौशल्याची पदवी आहे. कैकाडी समाजातील मुलाचे उपरेपण जन्माने लादलेले आहे आणि त्यातून सुटण्यासाठीच सारी धडपड आहे. खेळातील भूक आकडा आहे, आणि म्हणून तिच्यावर युक्ती चालते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा', 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनांतील भूक हा माणसामाणसांमधील संबंध आहे : भाकरी आहे, ती कोणाच्या तरी घरात आहे, आणि ती न देण्याचा अधिकार कोणाला तरी आहे. ग्रेट बेअर बेटावर घरे उघडी आहेत, मालक मेलेले आहेत, कपाटातील डबा ज्याला सापडेल त्याचा. चोरी अशक्य आहे, कारण मालकी संपली आहे. याचना अशक्य आहे, कारण देणारा नाही. अभाव आहे, पण वंचना नाही. मला असे वाटते की, या खेळाच्या आकर्षणाचे एक रहस्य येथे आहे. अभावातून समाज वजा केला की उरतो तो निर्मळ अभाव, ज्याच्याशी झगडताना कोणावर रागावावे लागत नाही आणि कोणाचे ऋणी व्हावे लागत नाही.

असा निर्मळ अभाव जगात क्वचितच असतो. ज्या मुळशी तालुक्यात हा खेळ मी प्रथम ऐकला, त्या तालुक्याचा इतिहासच याची साक्ष देतो. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळशीत धरण योजले. मावळातील भातखाचरे आणि गावे त्यात जाणार होती. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो अयशस्वी ठरला आणि धरण झाले. लवळे पुण्याच्या बाजूचे, बुडालेल्यांपैकी नव्हे. पण डोंगराआडच्या त्या गावांना पोटाचा प्रश्न पडला तो कोणत्याही भूचुंबकीय उत्पाताने नव्हे. ज्या वर्षी केळकर बडोद्यास दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याच्या आनंदाविषयी बोलले, त्याच वर्षी हा लढा सुरू झाला. यातून कोणताही कार्यकारणसंबंध मला सुचवायचा नाही. तादात्म्याच्या कोणत्याही उपपत्तीला एक प्रश्न विचारावा लागतो, याची आठवण तेवढी करून द्यावयाची आहे : आपण कोणाच्या जागी स्वतःला कल्पितो, आणि त्या जागेभोवतीचा समाज आधी पुसून तर घेत नाही ना?

६

यावर एक आक्षेप संभवतो. खेळाकडून समाजशास्त्राची अपेक्षा का करावी? भावकवितेतही समाज अनुपस्थित असतो, आणि त्यासाठी आपण तिला दोष देत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि तो मान्य करूनही एक भेद उरतो. भावकविता जगण्याचे प्रतिमान असल्याचा दावा करीत नाही. 'जगणे' हे ज्या कृतीचे नावच आहे तिच्या नियमांतून जगण्याची एक व्याख्या नकळत मांडली जाते : जगणे म्हणजे एकट्याने, मोजून, साठवून टिकणे. ही व्याख्या आजच्या तरुण वाचकाला पटते, कारण ती त्याच्या स्पर्धेच्या जगाशी जुळते. खेळात बर्फ आहे म्हणून ती कठोर वाटते. बर्फ बाजूला केला तर ती फार ओळखीची आहे.

तरीही या खेळाला नाकारावे असा माझा निष्कर्ष नाही. त्याने दोन गोष्टी साधल्या आहेत ज्या आजच्या कथनव्यवहारात दुर्मीळ होत चालल्या आहेत. एक, त्याने वस्तूंना त्यांचे वजन परत दिले. काडी, मोजा, डबा, ढलपी यांच्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहायला लावणारे गद्य हल्ली थोडे लिहिले जाते. दोन, त्याने मरणाला अपरिवर्तनीयता परत दिली, आणि तिच्याबरोबर चुकीलाही अर्थ दिला.

शेवटी एका तपशिलाकडे लक्ष वेधतो. या बेटावर पुस्तके सापडतात, वर्तमानपत्रेही आणि नोटांची बंडलेही. वर्तमानपत्र आणि नोटा आग पेटवण्याच्या कामाच्या. पुस्तकांतील काही वाचली तर कौशल्य वाढते. एरवी पुस्तक हे सरपण. साहित्याच्या अध्यापकाला हा नियम प्रथमदर्शनी झोंबतो. पण त्या विद्यार्थ्याला मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की, त्या शेवटच्या रात्री त्याच्यापाशी एक पुस्तक शिल्लक होते, आधीच वाचून झालेले, म्हणजे नियमानुसार फक्त जळण्याच्या उपयोगाचे. ते त्याने जाळले नाही. का, हे त्याला सांगता आले नाही. जाळले असते तर कदाचित आणखी थोडा वेळ ऊब मिळाली असती.

नियमसंहितेत या कृतीला काही मूल्य नाही. कोणत्याही आकड्यात ती उमटली नाही, आणि खेळाच्या दृष्टीने ती चूकच होती. सविकल्प समाधीतील विकल्प, म्हणजे खेळाडूचे ते दुसरे, बेटाबाहेरचे स्वत्व, त्या क्षणी हिशेब करीत नव्हते. ते काहीतरी जपत होते. खेळाच्या समीक्षेने नियम वाचावेत असे मी आरंभी म्हटले. नियमांत न मावणारी अशी कृती जेथे घडते तेथेही तिने थांबून पाहावे, एवढे त्यात जोडतो.